व्हरांड्याच्या टोकाची निवडणूक शाखा

आमच्या मतदारसंघात कोणत्या साली कोण निवडून आलं, असं मला विचाराल तर कागद बघून सांगावं लागेल. खरं सांगते! वीस वर्षं तहसीलच्या निवडणूक शाखेत काढली, पण आमदारांची नावं डोक्यात राहिली नाहीत. राहिली ती खिडकीशी आलेली माणसं. नोकरीत होते तेव्हा आजचा किस्सा उद्याच्या किश्शाखाली दबून जायचा. आता रिटायर झाले, घरात मी एकटी, तर एकेक जण वर येतोय. तुम्ही आलाच आहात, तर चहा होईपर्यंत ऐका.

आधी आमची शाखा सांगते. तहसीलच्या लांब व्हरांड्याच्या अगदी टोकाला, रेकॉर्ड रूमच्या पलीकडे एक खोली. निवडणूक लागली की दोन-तीन महिने तिथे जत्रा भरायची. एकदा निकाल लागला की पुढे वर्ष-वर्ष कोणी फिरकायचं नाही. पुरवठा शाखेपुढे रेशनकार्डवाल्यांची रांग, संजय गांधी निराधारच्या टेबलापुढे म्हाताऱ्यांची रांग, आणि आमच्या दारात ऊन!

माणसं आम्ही तिघं. अव्वल कारकून खिल्लारे साहेब, शिपाई गफूरभाई आणि मी.

*

पहिला किस्सा माझाच.

माझे मिस्टर तलाठी होते. मोटारसायकलच्या अपघातात गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपावर मी लागले. नव्वदीची सुरुवात होती. बत्तीस वर्षांची मी, ऑफिस म्हणजे काय ते आतून कधी बघितलेलं नाही. पदर सावरत येऊन खुर्चीवर बसले.

खिल्लारे साहेबांनी समोर याद्यांचा गठ्ठा ठेवला. म्हणाले, "सोपं काम आहे. तलाठ्यांकडून मयतांची नावं आलीत. यादीत नाव शोधायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'मयत' लिहायचं."

दोन गावं झाली. तिसरं गाव आमचं निघालं. मी बोट सरकवत गेले. आमचा घर नंबर आला. त्यांचं नाव, त्याच्याखाली माझं.

साहेबांच्या काही लक्षात आलेलं नव्हतं. मी लिहिलं. म, य, त. नंतर पान उलटलंच नाही, बोट त्या नावावर ठेवून बसले. गफूरभाई चहा घेऊन आले. एरवी ते टेबलावर कप आपटायचे, त्या दिवशी कप ठेवल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मग साहेब उठून आले. त्यांनी पान बघितलं, आडनाव बघितलं, माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्यांना काहीतरी बोलायचं होतं. घसा खाकरला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले,

"बाई, अक्षर सुरेख आहे हो तुमचं!"

आणि आपल्या टेबलाकडे पळाले.

*

नंतर फोटोच्या ओळखपत्रांची मोहीम निघाली. गावोगाव शाळेत पांढरा पडदा लावायचा, समोर खुर्ची, आणि फोटोग्राफर धडाधड फोटो काढतोय. सेनगावकडच्या एका खेड्यात मी रजिस्टर घेऊन बसले होते. दुपारी फोटोग्राफर वैतागला. समोर बसलेल्या माणसाला म्हणाला, "अहो, तुमचा झालाय ना मघाशी? परत काहून आलात?"

तो म्हणाला, "मी न्हाई आलो सायेब, शर्ट परत आलाय!"

अख्ख्या गल्लीत एकच पांढरा शर्ट इस्त्रीचा होता. तो रांगेत अंगावरून अंगावर फिरत होता!

दीड-दोन वर्षांनी त्याच गावची एक बाई खिडकीशी आली. हातात बापाचं ओळखपत्र. बाप गेला होता आणि घरात त्याचा दुसरा फोटोच नव्हता. हा मोठा करून भिंतीला लावायचा होता. मी सांगितलं, हिंगोलीला स्टुडिओत जा, करून देतात. ती जाईना. कार्डाकडे बघत उभी.

"म्याडम, ह्यो शर्ट तेवढा बदलता येतो का?"

"का गं?"

"शर्ट शेजारच्या तुकारामकाकाचा हाये. माझा बाप सदा बंडीवर. ह्या शर्टात दुसराच कोनी वाटून राहिला. सकाळी कार्ड हातात घेतलं की रोज नव्यानं वळख करून घ्यावी लागती."

स्टुडिओवाला हुशार होता. त्यानं बदलून दिला. महिन्याभरानं बाई मुद्दाम मला दाखवायला फ्रेम घेऊन आली. बापाच्या अंगात काळा कोट आणि लाल टाय!

"बंडी न्हवती म्हनला त्याच्याकडं," ती म्हणाली. "आता तर म्याडम, पार पाव्हणाच होऊन बसला!"

हसता हसता तिनं फ्रेम पदरात गुंडाळली आणि स्टँडकडे गेली.

*

परभणी जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या प्रत्येक यादीवरचं जिल्ह्याचं नाव बदलावं लागलं. आम्ही तिघं आठवडाभर रबरी शिक्के मारत होतो. गफूरभाईंना विचारलं, "काय भाई, कसं वाटतंय नव्या जिल्ह्यात?"

गफूरभाईंची बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुली सासरी. शिक्का मारता मारता म्हणाले,

"क्या बताऊं बाई! झोपलो परभणीत, उठलो हिंगोलीत. पन खाट तीच, आन् खाटेवर मानूस बी एकच!"

*

सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एक छोटं गाव आहे. रस्ता नाही म्हणून त्या गावानं एकदा मतदानावर बहिष्कार टाकला. तिथल्या मतदान पथकाबरोबर गफूरभाई गेले होते. हा किस्सा त्यांच्याच तोंडचा.

सकाळी सातला शाळेत टेबलं मांडली. पेटी सील केली. शाळेसमोर मारुतीचा पार. गाव झाडून सगळं त्या पारावर येऊन बसलं. ते शाळेकडे बघतायत, हे पाराकडे बघतायत. मध्ये पन्नास पावलांचं अंतर. कोणी भांडत नाही, ओरडत नाही, घोषणा नाही. नुसतं बघणं!

दहा वाजले. अकरा वाजले. केंद्राध्यक्ष म्हणजे एक हायस्कूलचे सर होते, बोलका माणूस. त्यांना गप्प बसणं जमेना. त्यांनी लांबूनच हात केला. पारावरच्यांनीही हात केला. बस, तेवढंच.

दुपारी एक बाई भाकरी, पिठलं आणि ठेचा ठेवून गेली. "जेवा पोटभर, पर मत मागू नका," म्हणाली. पथक जेवलं. पुन्हा बघणं सुरू.

साडेचारला पारावरून एक म्हातारा उठला. काठी टेकत शाळेकडे निघाला. सरांनी झटकन केस सारखे केले. एकानं शाईची बाटली उघडली, दुसऱ्यानं यादी पुढे ओढली. गफूरभाईंनी दार धरलं. अख्ख्या दिवसातला पहिला मतदार!

म्हातारा आत आला. सगळ्यांकडे बघितलं.

सर म्हणाले, "या बाबा, या! नाव सांगा!"

"नाव कशाला?" म्हातारा म्हणाला. "मी तर ताट न्यायला आलो!"

सर म्हणाले, "बाबा, ताट न्या. पण दोन मिनिटं बसा की!"

म्हातारा खरंच बसला. पाच वाजेपर्यंत बसला. मत काही दिलं नाही, पण निघताना सरांना त्यांच्या लेकराबाळांबद्दल सगळं विचारून गेला.

*

मतदानाची मशीन आल्यानंतरची गोष्ट. विधानसभेला एक वजनदार उमेदवार उभे होते, दत्तराव नावाचे. त्यांची मतं फोडायला कोणीतरी त्याच नावाचा, त्याच आडनावाचा माणूस शोधून काढला आणि जीपमध्ये घालून फॉर्म भरायला आणला.

हा दत्तराव दुसऱ्यांची गुरं राखायचा. लग्न नाही, आगापिछा नाही, गोठ्यातच झोपायचा. खिल्लारे साहेबांनी विचारलं, "चिन्ह कोणतं पाहिजे?" तर तो जीपवाल्यांच्या तोंडाकडे बघायला लागला.

निकाल लागला. दोन्ही दत्तराव पडले. पण ह्या दुसऱ्या दत्तरावाला मतं पडली, आणि बरीच पडली! लोकांनी नाव वाचलं, बटण दाबलं, झालं. आम्हाला त्याचं काही विशेष नव्हतं. असं होतंच.

पंधरा दिवसांनी तो एकटाच पायी तहसीलला आला. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "म्याडम, मला ज्यांनी मतं दिली त्येंची नावं पायजेत."

"कशाला हो?"

"भेटून येतो की! येवढ्या मानसांनी माझं नाव घेतलं. आतापावतर कोनी हाक बी मारली न्हाई मला, 'ए गुराखी' म्हनतेत."

साहेब त्याला सांगायला गेले की बाबा रे, तुला म्हणून कोणी... आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "मतदान गुप्त असतं दत्तराव. नावं आम्हालाही कळत नाहीत."

"मंग गावं तरी सांगा."

बूथवार मतांचे कागद उघड असतात. कोणत्या बूथवर किती, ते मी त्याला लिहून दिलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून गावांची नावं वाचून दाखवली. त्यानं ती पाठ केली. गुरं दुसऱ्याकडे सोपवून दर बाजाराच्या दिवशी एकेक गाव करायला लागला. पार नरसीपर्यंत चालत गेला. जायचं, पारावर उभं राहायचं, हात जोडायचे. "तुमी मला मत दिलं, लई उपकार झाले."

सहा महिन्यांनी पुन्हा आला. काळा पडलेला, पण चेहरा असा की विचारू नका! म्हणाला, "म्याडम, तुमच्या मशिनीत घोटाळा हाये."

मी पेन खाली ठेवलं. "काय झालं?"

"तुमी सांगितलं, त्या गावात अकरा मतं पडली."

"हो, मग?"

"म्या गेलो, तर तेवीस जन भेटले! समदे म्हनले, आमीच दिलं. च्या पाजला, जेवू घातलं. बाकीची बारा मतं कुठं गेली ते बगा जरा!"

साहेबांनी गंभीरपणे कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "तक्रार बराबर आहे तुमची. नोंद करून घेतो."

*

मतमोजणीच्या दिवसाचा एक किस्सा. उमेदवाराचं नाव सांगत नाही, माणूस चांगला होता. सकाळी आला तेव्हा नऊ जीपा मागे. गुलालाची पोती, ताशा, हारांचे डबे. दुपारी पाचव्या फेरीनंतर ताशा बंद झाला. आठव्या फेरीला जीपा कमी व्हायला लागल्या. निकाल जाहीर झाला तेव्हा हा आत खुर्चीवर बसून होता. सही केली, जिंकणाऱ्याशी हात मिळवला, बाहेर आला, तर मैदानात एकही गाडी नाही! त्याची स्वतःची जीपसुद्धा नाही. ड्रायव्हर मिरवणूक बघायला गेला होता. समोरच्या पार्टीची!

गफूरभाई ड्यूटी संपवून एस.टी. स्टँडवर गेले, तर हा तिथे उभा. दोघं एकाच गाडीत चढले. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरनं उमेदवाराला ओळखलं आणि ओशाळून इकडे तिकडे बघितलं. सगळ्या गाडीत एकच सीट रिकामी होती. वर पाटी लिहिलेली: 'आमदार-खासदारांसाठी राखीव'.

कंडक्टर म्हणाला, "बसा ना साहेब, रिकामीच आहे."

अख्खी बस वळून बघायला लागली. त्यानं पाटीकडे बघितलं, वरचा दांडा घट्ट धरला आणि म्हणाला, "ती सीट तेवढी सोडून बोला!"

सेनगावपर्यंत उभ्यानं गेला. आणि गफूरभाई शपथेवर सांगायचे, त्या सीटवर शेवटपर्यंत दुसरंही कोणी बसलं नाही.

*

खिल्लारे साहेब रिटायर झाले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. साहेबांनी तीस वर्षं निवडणुका घेतल्या, पण स्वतः कधी केंद्रावर जाऊन मत दिलं नव्हतं. प्रत्येक वेळी ड्यूटीवर! टपालाची मतपत्रिका भरायचे आणि पेटीत टाकायचे.

रिटायर झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत मी कंट्रोल रूमला फोन घेऊन बसले होते. अकराच्या सुमाराला साहेब दारात. मला वाटलं, कुठे मशीन बंद पडलं की काय! त्यांनी डावा हात पुढे केला. बोटाला काळी शाई.

"बाई, लागली!" साठीचा माणूस लहान लेकरासारखा हसत होता.

"वा साहेब! पण एवढ्या उन्हात इथं कशाला आलात?"

"घरी दाखवायला कोण आहे?" म्हणाले, आणि गफूरभाईंच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत.

*

आता शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

एका तांड्यावरची जमनाबाई. दरवर्षी याद्यांची दुरुस्ती निघाली की एस.टी.नं तहसीलला यायची. तिचा एकुलता एक मुलगा, रामधन, तेवीस वर्षांचा असताना बोअरच्या गाडीबरोबर तेलंगणाकडे कामाला गेला आणि परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. यादी तपासणारे गुरुजी तांड्यावर गेले की शेजारी सांगायचे, तो इथं राहत नाही, नाव काढा. गुरुजींनी लिहिलं की आमच्याकडून नोटीस जायची, आणि नोटीस गेली की जमनाबाई हजर!

पहिल्यांदा आली तेव्हा खिल्लारे साहेब होते. त्यांनी नियम समजावला. बाहेर राहणाऱ्याचं नाव ठेवता येत नाही म्हणाले.

ती म्हणाली, "साहेब, तो बाहेर गेला म्हून बाहेरचा झाला का? त्याची थाळी घरात हाये, त्याची गोधडी घरात हाये."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग सुनावणीच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'आईच्या जबाबानुसार रहिवास कायम.' पुढे ती खुर्ची माझ्याकडे आली तेव्हा मीही दर वेळी तेच वाक्य लिहीत गेले.

प्रत्येक मतदानाला जमनाबाई सकाळी सात ते पाच शाळेच्या हापशाजवळ बसायची. रामधन मत द्यायला येईल म्हणून. नंतर एक दिवस ऑफिसात यायची आणि विचारायची, "आला व्हता का गं? माझी नजर चुकली आसंल."

मी म्हणायची, "न्हाई मावशी."

मग ती उठायची.

एका विधानसभेला मात्र ती हापशाजवळ नव्हती. डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला दवाखान्यात होती. निवडणूक झाली. पडलेल्या एका उमेदवारानं अर्ज करून तिच्या तांड्याच्या बूथची खुणा केलेली यादी मागितली. ही यादी मतदानाच्या दिवशी बूथवर असते. मतदार समोर येऊन उभा राहिला की त्याच्या नावाखाली लाल शाईनं रेघ ओढतात. त्या याद्यांच्या झेरॉक्स तपासायला मी आणि गफूरभाई बसलो होतो.

एक पान आलं आणि माझं बोट थांबलं. रामधनच्या नावाखाली लाल रेघ होती.

गफूरभाई वाकून बघायला लागले. "बाई, दुसऱ्या कोनीतरी ह्याच्या नावावर..."

मी हात वर केला. ते थांबले. कारण दारात जमनाबाई उभी होती. डोळ्यांना दवाखान्याचा काळा चष्मा, हातात पिशवी.

ती नेहमीसारखी खाली बसली. "या वक्ताला मी न्हवते गं. आला व्हता का तो?"

मी पान उचललं, तिच्याजवळ जाऊन खाली बसले आणि तिचं बोट त्या ओळीवर ठेवलं. "हे रामधनचं नाव. आणि ही रेघ. मत दिलं की ओढतात."

ती बोट त्या रेघेवरून नेत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा मागे.

"ही त्यानं वढली?"

"न्हाई मावशी. बूथवरच्या गुरुजींनी."

"त्याला समोर बघून?"

गफूरभाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"व्हय," मी म्हणाले. "समोर बघून."

जमनाबाईनं चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला.

"मंग त्या गुरुजीला येवढं इचारून सांग बाई," ती म्हणाली. "बारीक झालाय का?"